ओहोळाकाठचे साइक्स

साइक्स हे आडनाव आपल्यापैकी बहुतेकांना एकाच जागी भेटलेलं असतं: १९१६ च्या साइक्स-पिको करारात. पहिलं महायुद्ध चालू असताना एका इंग्रजाने आणि एका फ्रेंचाने तुर्की साम्राज्याच्या अरब मुलखावर रेघ ओढली, आणि त्या रेघेचे परिणाम आपण अजून वर्तमानपत्रांत वाचतो आहोत. त्या कराराचं पाप-पुण्य हा आजचा विषय नाही. विषय आहे तो आडनावाचा. दुसऱ्यांच्या देशात रेघा ओढणाऱ्या सर मार्क साइक्स यांचं आडनावसुद्धा मुळात एका रेघेवरूनच आलेलं आहे. फक्त ती रेघ पाण्याची, आणि जेमतेम हातभर रुंद.

उत्तर इंग्लंडच्या बोलीत डोंगरउतारावरून झिरपत खाली येणाऱ्या बारक्या प्रवाहाला 'साइक' म्हणतात. ओढा म्हणावा इतकंही पाणी त्यात नसतं. आपण ओहोळ म्हणू, तळकोकणात व्हाळ म्हणतील. पेनाइन डोंगरांच्या माथ्यावर पीटची काळी दलदल आहे, तिच्यात वर्षभर पाऊस मुरतो, आणि मुरलेला पाऊस जागोजागी अशा ओहोळांतून बाहेर पडतो. शेतकऱ्याला त्याचा उपयोग जनावरांच्या पाण्यासाठी, आणि त्याहून जास्त शीव सांगण्यासाठी. ओहोळाच्या अलीकडे माझं, पलीकडे तुझं. अशा ओहोळाशेजारी ज्याचं घर, तो गावाच्या तोंडी ओहोळाकाठचा झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशरच्या कागदांत हे नाव दिसू लागतं. आधी 'डेल साइक' असं लांबट रूप, मग मधलं उपपद गळून नुसतं साइक्स.

स्थळावरून पडलेल्या नावाचं मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. गावाच्या नावाला 'कर' जोडून आपण शेकडो आडनावं केली आहेत. पण एक फरक आहे. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळुणात कोणी चिपळूणकर म्हणून हाक मारत नाही. तो पुण्याला गेला की तिथले लोक म्हणतात. 'कर' हे बहुधा गाव सोडल्याचं चिन्ह आहे. साइक्सचं उलट आहे. ते नाव तिथेच राहून मिळालेलं, आणि देणारे शेजारी. तेव्हा ज्याच्या नावात ओहोळ आहे त्याचा कोणी पूर्वज खरोखर ओहोळावर राहत होता, एवढं धरून चालता येतं. कोणत्या ओहोळावर, हा प्रश्न मात्र उरतो. यॉर्कशरात ओहोळांना तोटा नाही.

आता मुळात गावाला आडनाव लागलं कशाला? एक कारण अगदी साधं होतं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि येताना आपली नावं आणली. दोन-तीन पिढ्यांत जुनी इंग्रजी नावं मागे पडली आणि जो तो मुलाचं नाव विल्यम, जॉन, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस यांतलंच ठेवू लागला. एका गावात दहा जॉन झाले की हाक मारायला काहीतरी जोड लागतेच. लोहारकाम करणारा जॉन, रॉबिनचा पोरगा जॉन, लांबडा जॉन, ओहोळाकाठचा जॉन. मात्र ही जोड माणसाची होती, घराण्याची नव्हती. ओहोळाकाठच्या जॉनचा मुलगा टेकडीवर राहायला गेला तर तो टेकडीवरचा होई. एकच माणूस एका कागदात बापाच्या नावाने आणि दुसऱ्यात धंद्याच्या नावाने नोंदलेला सापडतो.

नाव घराण्याला चिकटलं ते दप्तरामुळे. वेकफील्ड मॅनरची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. ही जहागीर पश्चिमेला थेट लँकेशरच्या शिवेपर्यंत पसरलेली होती. तिच्या न्यायसभेच्या चर्मपत्री गुंडाळ्या १२७४ पासून १९२५ पर्यंत जवळजवळ सलग टिकल्या आहेत. कोणी कोणाच्या कुरणात गुरं घातली, कोणी बिनपरवाना बिअर विकली, कोणाच्या पोरीने लग्नाचा दंड भरला, हे सगळं शतकानुशतकं लॅटिनमध्ये, कारकुनी अक्षरात. आणि त्याच गुंडाळ्यांत सगळ्यांत महत्त्वाची नोंद असे ती जमिनीची: अमका मेला, त्याचा मुलगा आला, त्याने नजराणा भरला, जमीन त्याच्या नावे झाली. कुळाचा हक्क सिद्ध करायचा म्हणजे या नोंदीची नक्कल दाखवायची. मग बापाच्या नोंदीत ओहोळ असेल तर मुलाला टेकडीवर जाऊनही ओहोळ सोडणं परवडणार कसं?

दुसरा हात कराचा. १३७७ मध्ये इंग्लंडच्या राजाने दरडोई चार पेनींचा कर बसवला, १३७९ मध्ये ऐपतीप्रमाणे, आणि १३८० च्या अखेरीस एकदम बारा पेनींचा. शेवटच्या कराने देशात आग लागली आणि १३८१ च्या उन्हाळ्यात शेतकरी लंडनवर चालून गेले. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव वॉट टायलर, म्हणजे कौलं शाकारणारा वॉट. बंड चिरडलं गेलं, टायलर मारला गेला. पण करवसुलीच्या याद्या राहिल्या. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागाची १३७९ ची यादी तर जवळपास पूर्ण शिल्लक आहे, आणि उत्तर इंग्लंडचं कोणतंही आडनाव शोधणारा माणूस तिच्यापाशी येऊन थांबतोच. ज्या करापायी लोकांनी जीव दिला त्याच कराने त्यांची नावं सहाशे वर्षं सांभाळली. सरकार हे असं विचित्र स्मारक असतं.

१४०० च्या सुमारास दक्षिण इंग्लंडात आडनावं बहुतेक वंशपरंपरेची झाली होती. उत्तरेला आणखी काही पिढ्या लागल्या. त्यानंतर साइक्सांचं जे झालं त्याला मात्र फक्त नाव पुरेसं नाही, तिथली जमीन आणि हवा पाहावी लागते. आज हे आडनाव सगळ्यांत दाट आहे ते यॉर्कशरातल्या हडर्सफील्डच्या भोवती, विशेषतः स्लेथवेट गावाच्या बाजूला. या उंच, ओल्या, निकस जमिनीत नुसत्या शेतीवर घर चालत नव्हतं. पण मेंढ्यांची लोकर होती आणि लोकर धुवायला मऊ पाणी होतं. प्रत्येक घरात हातमाग आला. जुन्या विणकरांच्या दगडी घरांना वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लागून लागून खिडक्या असतात, मागावर उजेड पडावा म्हणून. चार एकर जमीन आणि एक माग, एवढ्यावर धाकटा मुलगासुद्धा लग्न करून त्याच दरीत राहू शके. दक्षिणेतल्या धान्याच्या मुलखात थोरल्याला शेत मिळे आणि धाकट्यांना चाकरीसाठी गाव सोडावं लागे. इथे सगळे भाऊ तिथल्या तिथे पसरले. साइक्स वाढले ते या मागांवर.

वाढले ते इतके की शेवटी आडनावाचा उपयोगच उरला नाही. ज्या खोऱ्यात प्रत्येक तिसरं दार साइक्सांचं, तिथे 'जॉन साइक्स' म्हणून कोण ओळखणार? मग लोक पुन्हा 'बिलचा जॉन', 'जॅकच्या बिलचा टॉम' अशी नावं घेऊ लागले. हे त्या दऱ्यांत अगदी अलीकडेपर्यंत चालत होतं. कागदावर साइक्स, बोलण्यात पुन्हा बापाचं नाव. तेराव्या शतकाने जो प्रश्न सोडवला होता तो एकोणिसाव्यात जसाच्या तसा परत आला.

एकोणिसावं शतक हे मोजणाऱ्यांचं शतक. १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली होती, आणि काही वर्षांतच रजिस्ट्रार जनरलच्या कचेरीने देशातली सर्वाधिक आढळणारी पन्नास आडनावं मोजून छापली. १८५३ च्या आधारे काढलेल्या अंदाजात इंग्लंड-वेल्समध्ये स्मिथ २,५३,६०० आणि जोन्स २,४२,१००. साइक्स त्या पन्नासांत नाही. पुढे १८९० मध्ये हेन्री गपी नावाच्या गृहस्थाने एक चतुर युक्ती केली. त्याने व्यापारी डिरेक्टऱ्या घेतल्या आणि फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली. त्याचं म्हणणं, शेतकरी हलत नाही. तो जिथे आहे तिथेच त्याच्या नावाचं घर. इंग्लंडातल्या आडनावांचा पहिला नीट भूगोल असा तयार झाला. त्यात दिसलं ते आश्चर्याचं होतं: रेल्वे आली, गिरण्या आल्या, तरी शेकडो आडनावं आपल्या मूळ जागेपासून दोन-चार दिवसांच्या पायी वाटेपलीकडे गेलीच नव्हती.

याच काळात शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनला वेगळीच काळजी पडली होती. थोरामोठ्यांची घराणी नामशेष का होतात? १८७३ मध्ये त्याने एका नियतकालिकात गणित टाकलं: काही माणसांना मुलगा होत नाही, काहींना एक, काहींना दोन-तीन, प्रत्येक पिढीत असंच चाललं तर किती आडनावं बुडतील? उत्तर दिलं हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्याने, आणि दोघांनी मिळून १८७४ मध्ये निबंध छापला. वॉटसनचा शेवटचा निष्कर्ष, की सगळीच आडनावं कधी ना कधी बुडणार, चुकीचा होता. तो पुढच्यांनी दुरुस्त केला. पण त्याची वाट बरोबर होती. १९३१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड लोटकाने अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांच्या १९२० च्या आकड्यांवरून हिशेब केला, तेव्हा एका पुरुषापासून सुरू झालेली पुरुषांची रांग पुढे कधीतरी तुटण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के निघाली. तीही लोकसंख्या वाढत असताना! ज्याला आपण वंश बुडणं म्हणतो आणि ज्याच्या भीतीने घराघरांत मुलग्यासाठी नवस बोलतो, ते बहुतेक वंशांचं ठरलेलं भविष्य आहे.

हा आकडा बाजूला ठेवा, त्याचं काम लवकरच लागेल.

२००० मध्ये ऑक्सफर्डचे अनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावावर हात घातला. एका औषध कंपनीत व्याख्यानाला गेले असता कंपनीचे प्रमुख सर रिचर्ड साइक्स यांच्याशी तुमचं नातं काय, असं त्यांना विचारण्यात आलं होतं. सर रिचर्ड हडर्सफील्डकडचे. तपासलं, तर दोघांचं वाय गुणसूत्र जुळलं. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं, आणि इंग्लंडात आडनावही तसंच. मग यॉर्कशर, लँकेशर, चेशर इथल्या साइक्स पुरुषांना पत्रं गेली, नमुने आले. तपासलेल्या ४८ पैकी २१ जणांचं वाय गुणसूत्र एकाच ठशाचं निघालं, आणि तो ठसा आजूबाजूच्या इतर आडनावांच्या माणसांत सापडला नाही. ब्रायन साइक्स यांचा निष्कर्ष: मूळ पुरुष एकच. उरलेले २७ जण म्हणजे सातशे वर्षांत साठत गेलेला बाहेरचा वंश, त्यांच्या अंदाजाने पिढीमागे सरासरी १.३ टक्के.

वर्तमानपत्रांनी यातून जी बातमी करायची ती केली: साइक्सांच्या बायका पतिव्रता होत्या. विज्ञानाच्या बातमीत असला चोरटा आनंद नेहमीच असतो. एक तर ४८ जणांच्या नमुन्यावर एवढी ऐट चालत नाही. दुसरं म्हणजे बाहेरचा वंश याचा अर्थ व्यभिचार असाच नाही. कुमारी मातेचं मूल आईचं आडनाव लावे, आणि आई साइक्स असली तर मूल साइक्स. पोरकं पोर मामाने सांभाळलं, विधवेच्या पहिल्या घरच्या मुलाला सावत्र बापाचं नाव लागलं, इस्टेट मिळावी म्हणून दत्तकाने घराण्याचं नाव घेतलं. कादंबरीकार जेन ऑस्टेनचा सख्खा भाऊ एडवर्ड १८१२ मध्ये असाच ऑस्टेनचा नाइट झाला. ज्याने पोराला वाढवलं त्याचं नाव पोराने लावलं, यात फसवणूक कुठे आली? मला तर त्या २७ जणांचे पूर्वज २१ जणांच्या पूर्वजांपेक्षा कमी साइक्स वाटत नाहीत.

पण खरी अडचण वेगळीच होती. हडर्सफील्डचेच जॉर्ज रेडमंड्स हे स्थानिक इतिहासाचे अभ्यासक. त्यांची हयात आडनावांच्या मागे जुने कागद धुंडाळण्यात गेली. त्यांची पद्धत अशी, की एका खोऱ्यातल्या एका नावाचा धागा धरायचा आणि करयादीपासून चर्चच्या नोंदवहीपर्यंत सोडायचा नाही. (या नोंदवह्या १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने सुरू झाल्या.) आणि कागद सांगत होते की साइक्सांचं मूळ एकाहून जास्त ठिकाणी असावं. तर्कही तसाच चालतो. ओहोळ अनेक, तेव्हा ओहोळाकाठचेही अनेक. रक्त म्हणतं एक, दप्तर म्हणतं अनेक. कोणाचं खरं धरायचं?

आपल्या काळाचा कल उघड आहे. प्रयोगशाळेचा कागद आला की दप्तराचा कागद आपोआप खोटा ठरतो. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, नळी टपालात टाकायची, आणि पूर्वज घरपोच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हा मोठा धंदा झाला आहे. ब्रायन साइक्स यांनी स्वतः तशी कंपनी काढली होती. मला मात्र दोन्ही साक्षी खऱ्या वाटतात. त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, एवढंच.

लोटकाचा आकडा आता घ्या. समजा, १३०० च्या सुमारास यॉर्कशरात दहा वेगवेगळ्या ओहोळांवर दहा घरं होती आणि दहाही घरांना साइक्स हे नाव पडलं. लोटकाच्या हिशेबाने त्यांतली आठ घरं पुढे बुडणारच होती, कोणाचंही काही चुकलेलं नसताना. त्यात १३४८-४९ ची काळी महामारी आली आणि इंग्लंडची तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं गेली. उरलेल्या दोघांतलं एक घर चांगल्या लोकरीच्या खोऱ्यात पडलं, त्याला भरपूर नातवंडं झाली. सातशे वर्षांनी शास्त्रज्ञ नमुने गोळा करतो, तेव्हा त्याच्या हाती लागतो तो बहुतांशी एकच ठसा. मूळ पुरुष एक होता म्हणून नव्हे. बाकीचे मागे काही न ठेवता गेले म्हणून. रक्ताच्या साक्षीत फक्त उरलेले बोलतात. दप्तरात बुडालेलेही बोलतात. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास छापला, त्यातूनही हेच दिसलं. दुर्मीळ आडनावांत एकाच पूर्वजाची छाप ठळक. स्मिथांत मात्र दोन स्मिथांचं रक्त रस्त्यावरच्या कोणत्याही दोन माणसांहून जास्त जुळत नाही, कारण लोहार प्रत्येक गावात होता. आणि जिथे छाप ठळक होती तिथेही त्यांनी एक मूळ पुरुष असं छातीठोक सांगितलं नाही. बाकीच्या शाखा योगायोगाने गळाल्या असतील हे त्यांनी हिशेबात धरलं. पुढे किंग यांनी रेडमंड्स आणि डेव्हिड हे यांच्याबरोबर पुस्तकच लिहिलं. नळीवाले आणि दप्तरवाले एका टेबलाशी बसले.

याच टुरी किंग तिसऱ्या रिचर्ड राजाच्या सांगाड्याच्या जनुकीय तपासात होत्या. २०१२ मध्ये तो सांगाडा लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडला. ओळख पटवायची तर वंशज हवेत. राजाच्या बहिणीपासून मुलीकडून मुलीकडे आलेल्या रांगेतला वंशज सापडला, लंडनमधला एक सुतार, आणि त्याचा आईकडून आलेला ठसा सांगाड्याशी तंतोतंत जुळला. पुरुषांची जी रांग होती, किताबवाल्या, वंशावळीवाल्या सरदारांची, ती जुळली नाही. मध्ये कुठेतरी वंश बदललेला होता. जिचं आडनाव दर पिढीला बदललं, जिची वंशावळ कोणी अभिमानाने भिंतीवर लावली नाही, ती बायकांची रांग पाचशे वर्षं सलग निघाली.

आडनावाच्या अभिमानावर याहून चांगला उतारा नाही. सातशे वर्षं म्हणजे साधारण तेवीस पिढ्या. तेवीस पिढ्या मागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात ८३,८८,६०८ जागा होतात (अर्थात माणसं तेवढी नाहीत, तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा येतात). आजच्या साइक्सचं आडनाव त्यांतल्या फक्त एका जागेवरून आलं आहे. बाकीच्या त्र्याऐंशी लाखांबद्दल ते मुकं आहे.

अटलांटिकपलीकडे तर ते आणखी मुकं होतं. अमेरिकेतल्या विनोदकार वांडा साइक्स कृष्णवर्णीय आहेत. तिथे कृष्णवर्णीय माणसाचं इंग्रजी आडनाव दिसलं की मळेवाल्याने गुलामाला दिलेलं नाव असंच लोक गृहीत धरतात, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. वांडा साइक्स यांची वंशावळ काढली तेव्हा त्यांच्या वडिलांकडची एक रांग १६८३ च्या व्हर्जिनियात पोहोचली, एलिझाबेथ बँक्स नावाच्या गोऱ्या, करारबद्ध मोलकरणीपाशी. तिला एका गुलामापासून मुलगी झाली. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरे. कायदा केला होता मालकांच्या सोयीसाठी, गुलाम स्त्रीची मुलं गुलामच राहावीत म्हणून; इथे आई स्वतंत्र होती, म्हणून मुलगी स्वतंत्र जन्मली आणि तिचे वंशजही. ही कथा कळली ती कोर्टाच्या आणि चर्चच्या कागदांवरून. साइक्स या आडनावातून त्यातलं अक्षर कळलं नसतं.

आता एका साइक्सबद्दल, ज्याला आपण पुण्या-नगरची माणसं विसरलो आहोत. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १७९० मध्ये ब्रॅडफर्डजवळ जन्मले. हडर्सफील्ड तिथून पंधरा-वीस किलोमीटर. १८०४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आले, १८१७ च्या खडकीच्या लढाईत होते, म्हणजे पेशवाई बुडवणाऱ्यांपैकी एक. १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एलफिन्स्टनने त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी नेमलं, आणि पुढची सहा-सात वर्षं या माणसाने दख्खन मोजली. माणसं, पिकं, पाऊस, बाजारभाव, पक्षी, मासे. कोळसुंद्याला, म्हणजे आपल्या रानकुत्र्याला, त्यांनी १८३१ मध्ये जे लॅटिन नाव दिलं त्यात 'दख्खन' हा शब्द आहे. मुळा-मुठेतल्या महाशीर माशाचं शास्त्रीय नाव अजून 'खुद्री' आहे. ते साइक्सांनी इथल्या बोलीतून उचललं. मायदेशी परतल्यावर ते लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत होते आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले.

पण माझ्या विषयाशी त्यांचा संबंध येतो तो १८३५ मध्ये छापलेल्या दख्खनच्या जमीनधाऱ्यावरच्या निबंधामुळे. त्यात त्यांनी आपल्या गावांची एक जुनी रीत नोंदवली आहे. गावची जमीन थळांत वाटलेली असे आणि प्रत्येक थळ एका आडनावाचं. कुळकर्ण्याकडे थळझाडा असे, कोणतं थळ कोणत्या घराण्याचं याची यादी. घराणं बुडालं, परागंदा झालं, तरी थळाचं नाव बदलत नसे. त्या जमिनीला गतकूळ म्हणत. कसणारा कोणीही असो, नोंदीत आडनाव गेलेल्याचंच. इंग्रज अधिकाऱ्याला त्यात महसुलाचा प्रश्न दिसत होता, कारण मालकी कोणाची धरायची हे ठरवायचं होतं. मला त्यात साइक्सांच्या दहा ओहोळांतल्या बुडालेल्या आठ घरांचा पत्ता दिसतो. यॉर्कशरला त्यासाठी रेडमंड्ससारखा माणूस लागला. आपल्याकडे गावोगावचे कुळकर्णी तो पत्ता लिहूनच ठेवत होते.

आडनावाच्या शोधाचं वेड आता मराठी घरांतही आलं आहे. कुलवृत्तांत निघतात, परदेशातली भाचरं थुंकीची नळी पाठवून टक्केवारी मागवतात, आणि ती टक्केवारी कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर फिरते. नळी जरूर पाठवावी. पण तिच्याआधी पुण्याच्या पुरालेखागारात जाऊन पेशवे दप्तरात आपल्या गावाचा रुमाल आहे का ते विचारावं, घरात पोटमाळ्यावर मोडी कागद असतील तर ते वाळवीने खाण्याआधी त्यांचे फोटो काढावेत, आणि मोडी वाचणारा एखादा म्हातारा माणूस ओळखीत असेल तर त्याच्याकडे या दिवाळीतच जाऊन यावं. नळीची प्रयोगशाळा पुढच्या वर्षीही असेल.